फेटा-टोमॅटोचा भाजलेला पास्ता: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ज्या घरात ओटीजी फक्त वाढदिवसाच्या केकपुरता पुसून बाहेर निघतो, त्या घरासाठी हा पदार्थ आहे. एका पसरट भांड्यात छोटे टोमॅटो, मधोमध फेटा चीजचा अख्खा तुकडा, वरून सढळ हाताने ऑलिव्ह तेल, आणि भांडं ओव्हनमध्ये. ते तिकडे भाजतंय तोवर इकडे गॅसवर पास्ता शिजवून घ्यायचा. शेवटी भाजलेला फेटा चमच्याने मोडायचा, टोमॅटो दाबायचे, पास्ता त्यात ओतायचा आणि ढवळायचं. सॉस वेगळा करायला नको, मैदा परतायला नको, गुठळ्यांची धास्ती नको. बाहेर पाऊस लागलेला असताना तासाभरात चार माणसांचं जेवण होतं आणि घासायला भांडी दोनच पडतात.

इतकं सोपं असूनही पहिल्या वेळी अनेकांचा पास्ता खारट होतो, आंबट होतो, नाहीतर वाढेपर्यंत त्याचा गोळा होतो. त्याचं कारण साधं आहे. या पदार्थात हाताचं कसब फारसं लागत नाही, पण निम्मा स्वयंपाक दुकानातच होतो. कुठला फेटा उचलला, टोमॅटो कसे मिळाले, यावर चव ठरते. उरलेलं काम ओव्हनचं. तुमच्या हातात राहतं ते मीठ आणि पास्त्याचं पाणी. म्हणून कृतीच्या आधी खरेदीबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे. ते वगळून थेट कृतीकडे जाऊ नका.

हा पदार्थ मुळात कुठला? चीज ग्रीसचं, पास्ता इटलीचा आणि कृती चक्क फिनलंडची. येन्नी हायरुनेन या फिनिश खाद्यलेखिकेने २०१९ च्या सुरुवातीला ती प्रसिद्ध केली आणि तिथल्या दुकानांत फेट्याचा खप भलताच वाढला. त्याच्या आदल्या वर्षी फिनलंडच्याच ब्लॉगर टिऊ पिरेट यांनी अशाच धर्तीची कृती दिली होती. २०२१ च्या सुरुवातीला टिकटॉकवरून ती अमेरिकेत पोचली आणि तिथेही काही दुकानांत फेटा मिळेनासा झाला. पण फेटा टोमॅटोबरोबर भाजायची कल्पना ग्रीकांना नवी नाही. थेसालोनिकीच्या खानावळींत बुयुर्दी नावाचा पदार्थ मिळतो. मातीच्या छोट्या भांड्यात फेटा, टोमॅटो, हिरवी मिरची आणि बुकोवो म्हणजे लाल मिरचीचा भरडा, असं सगळं भट्टीत भाजून पावाबरोबर खातात. आपला पास्ता हा त्याचाच उत्तरेकडे गेलेला नातेवाईक समजा.

फेटा: पाकीट उलटून वाचा

अस्सल फेटा मेंढीच्या दुधाचा असतो. त्यात शेळीचं दूध जास्तीत जास्त ३० टक्के चालतं, गाईचं अजिबात नाही. तो किमान दोन महिने मुरवलेला असावा लागतो आणि ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या ठरलेल्या प्रदेशांत किंवा लेस्बोस बेटावर बनलेला असावा लागतो. युरोपियन महासंघाने २००२ मध्ये हे नाव ग्रीससाठी राखून ठेवलं. जर्मनी आणि डेन्मार्क त्याविरुद्ध कोर्टात गेले, पण २००५ मध्ये निकाल ग्रीसच्या बाजूने लागला. तरी महासंघाबाहेर पाठवायच्या चीजवर डेन्मार्कमधले उत्पादक ते नाव वापरतच होते. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याबद्दलही डेन्मार्कला दोषी ठरवलं.

याचा तुमच्या किराण्याशी संबंध असा, की भारतात फेटा म्हणून जे मिळतं ते बहुतेक गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाचं, इथेच बनलेलं असतं. ते वाईट असतं असं नाही. मेंढीच्या दुधाचा जो तिखटसर, जरा उग्र वास असतो तो त्यात नसतो आणि पहिल्यांदा खाणाऱ्याला ते सोयीचंच पडतं. फक्त दोन गोष्टी बघा. एक, चीज अख्ख्या तुकड्यात हवं. आधीच चुरलेला डब्यातला फेटा सॅलडसाठी ठीक, पण ओव्हनमध्ये तो बाहेरून सुकतो आणि आतून मऊ होतच नाही. दोन, तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवलेला असेल तर उत्तम. कोरड्या पाकिटातला बऱ्याचदा भुरभुरीत असतो.

परदेशातल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. जर्मनीत हिर्टनकेझे या नावाने गाईच्या दुधाचं, मिठाच्या पाण्यातलं चीज स्वस्तात मिळतं. इंग्लंडमध्ये असल्याच चीजवर सॅलड चीज असं लिहिलेलं असतं. या पास्त्याला दोन्ही चालतात. अमेरिकेत मात्र गाईच्या दुधाच्या चीजवरही फेटा असं छापता येतं, तेव्हा तिथे पाकिटावर दूध कुणाचं ते वाचावं.

शाकाहारी असाल तर आणखी एक. पारंपरिक फेट्यात दूध विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. भारतात विकलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर प्रश्न मिटला. बाहेरदेशी असाल तर पाकिटावर शाकाहारी किंवा मायक्रोबियल रेनेट असं लिहिलंय का ते शोधा.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: पनीर चालेल का? माझ्या मते नाही. दोन्ही पांढरी, दोन्ही चौकोनी, आणि उष्णतेने मोझरेलासारखी तार दोन्हींना सुटत नाही, इथवर साम्य आहे. पण पनीर उकळत्या दुधात आंबट घालून फाडलेलं असतं. त्याची वीण घट्ट बसते आणि ओव्हनमध्ये ते आणखी चिवट होतं. फेटा कोमट दुधाला रेनेट लावून, आंबवून, मिठात मुरवून केलेला असतो. त्यातला आंबटपणा प्रथिनांमधलं कॅल्शियम सोडवतो. म्हणून तो वितळून वाहत नाही, पण लोण्यासारखा मऊ पडतो आणि टोमॅटोच्या रसात मिसळून जातो. पनीर कितीही भाजलं तरी पनीरच राहतं. फेटा मिळालाच नाही तर साधं क्रीम चीज १५० ग्रॅम घ्या आणि वरून चिमूटभर जास्त मीठ, थोडा लिंबाचा रस. फेट्याची खुमारी येणार नाही, पण सॉस नक्की होईल. हलूमी आणू नका. ते सायप्रसचं चीज तव्यावर भाजून खायला झकास, पण ते विरघळत नाही आणि दाताखाली करकरतं.

टोमॅटो, तेल आणि बाकीची मंडळी

चेरी टोमॅटो हवेत, तेही अख्खे. ओव्हनमध्ये त्यांच्या सालीच्या आत वाफ कोंडते, साल फुटते आणि रस बाहेर येतो. हाच तुमचा सॉस. शहरांतल्या भाजीवाल्यांकडे आता प्लास्टिकच्या डब्यांत ते सहज दिसतात. डबा उलटा करून खालचे बघा, एखादा फुटलेला असेल तर बाकीच्यांनाही बुरशी धरायला वेळ लागत नाही.

चेरी टोमॅटो नसतील तर लाल, पिकलेले, हाताला किंचित मऊ लागणारे साधे टोमॅटो घ्या. लांबट, जाड सालीचे, दगडासारखे टणक टोमॅटो प्रवासाला चांगले, भाजायला नाहीत. त्यांना ना रस असतो ना गोडी. गावठी टोमॅटोला रस भरपूर, पण आंबटपणाही भरपूर, आणि फेटाही आंबट. त्यामुळे गावठी वापरणार असाल तर एक मध्यम कांदा उभा चिरून टोमॅटोंबरोबर भाजायला घाला आणि अर्धा चमचा साखर भुरभुरा. मोठ्या टोमॅटोच्या चार फोडी करून कापलेली बाजू वर ठेवायची, म्हणजे पाणी आटतं.

तेल ऑलिव्हचंच घ्या आणि बाटलीवर एक्स्ट्रा व्हर्जिन आहे ना ते बघा. पोमेस नावाचं ऑलिव्ह तेल आपल्याकडे खूप विकलं जातं. फळातून तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून ते रसायनाच्या मदतीने काढून शुद्ध केलेलं असतं. तळणाला चालेल, इथे तेलाची चव थेट जिभेवर येते म्हणून नको. एक्स्ट्रा व्हर्जिन तापवायचं नसतं असं कुणीतरी सांगेल. टोमॅटोच्या रसात बसलेलं तेल ओव्हनच्या आकड्याइतकं तापत नाही, तेव्हा काळजी सोडा.

बेसिलची पानं मिळाली तर शेवटी घालायला जुडी आणा. नाही मिळाली तर त्या जागी तुळस तोडू नका. तुळशीला लवंगेच्या अंगाचा तिखट वास असतो, तो पास्त्याला औषधी करतो. मात्र ज्याचं बी आपण सरबतात घालतो तो सब्जा बेसिलच्याच जातीचा आहे. कुंडीत सब्जा असेल तर त्याचं एक पान चुरगळून वास घ्या. आवडला तर चार-पाच पानं बेधडक वापरा. सुका ओरेगॅनो बहुतेक घरांत पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांच्या रूपात साठलेला असतोच. तो चालतो, फक्त पुडी फार जुनी नसावी.

ऑलिव्ह घालायचेच असतील तर कालामाता जातीचे, बदामी आकाराचे, जांभळट. डब्यात मिळणाऱ्या कुळकुळीत काळ्या चकत्या हे बहुतेक कच्चे ऑलिव्ह प्रक्रिया करून काळे केलेले असतात आणि त्यांना चव जवळजवळ नसते. त्यापेक्षा न घातलेले बरे.

पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा घ्या. पाकिटावर मैदा लिहिलेला असेल तर परत ठेवा, तो शिजताना कधी लिबलिबीत होईल याचा नेम नाही. आकार फुसिली किंवा पेन्ने. स्पॅगेटी दिसायला छान, पण फेट्याच्या घट्ट सॉसमध्ये ती एकसारखी कालवणं नवख्याला जड जातं.

प्रमाण, चार जणांसाठी

फेटा २०० ग्रॅमचा अख्खा तुकडा
चेरी टोमॅटो ५०० ग्रॅम
पास्ता २५० ग्रॅम
ऑलिव्ह तेल ८० मिली, म्हणजे साधारण पाच मोठे चमचे
लसूण ६ ते ८ पाकळ्या, सोलून अख्ख्या
मिरचीचा भरडा अर्धा चमचा, लहान मुलं असतील तर पाव
ओरेगॅनो एक चमचा, भरड मिरपूड, बेसिल मूठभर
मीठ: पुढे वाचा

तेल जास्त वाटतंय? मूळ कृतीतही ते सढळच आहे. फेटा आणि टोमॅटोचं पाणी एकजीव करायला ते लागतं. चार मोठ्या चमच्यांच्या खाली आलात तर सॉसऐवजी चुरा मिळेल.

मिठाचा हिशेब आधीच करून ठेवा. शंभर ग्रॅम फेट्यात साधारण अडीच ग्रॅम मीठ असतं. म्हणजे २०० ग्रॅमच्या तुकड्याबरोबर जवळजवळ एक छोटा चमचा मीठ आपोआप भांड्यात गेलं. ऑलिव्ह घातले तर त्यांचं वेगळं. म्हणून टोमॅटोवर फक्त दोन चिमटी आणि फेट्यावर अजिबात नाही. पास्त्याच्या पाण्यात एरवी लिटरला दहा ग्रॅम मीठ घालतात, इथे निम्मं. अडीच लिटर पाण्याला दोन छोटे चमचे सपाट पुरतात.

भांडं आणि ओव्हन

भांडं पसरट हवं. टोमॅटो एका थरात मावले पाहिजेत. एकावर एक चढले तर ते भाजत नाहीत, उकडतात, आणि भाजल्याचा गोडवा येत नाही. १६ ते १९ लिटरच्या ओटीजीत साधारण आठ-नऊ इंची चौकोनी भांडं बसतं, ते वरच्या प्रमाणाला पुरतं. पाहुणे आठ असतील तर एकाच भांड्यात दुप्पट कोंबू नका, दोन भांडी करा.

काचेचं भांडं ओव्हनला चालणारं असलं तरी त्याचे लाड करावे लागतात. फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, आणि बाहेर काढल्यावर ओल्या ओट्यावर तर मुळीच नाही. कोरडा जाड नॅपकिन किंवा लाकडी पाट आधीच मांडून ठेवा. अशी भांडी पाण्याच्या थेंबाने तडकतात, आणि नेमकी जेवण तयार असताना.

ओटीजीत वरखाली दोन्ही कॉइल चालू, २०० अंश, जाळी मधल्या खाचेत, दहा-बारा मिनिटं आधी तापवून घ्या. आत पंखा असेल आणि तो चालू ठेवणार असाल तर १८० अंश पुरे. मायक्रोवेव्हमध्ये करायचं असेल तर कन्व्हेक्शन मोड हवा, बुटकं स्टँड हवं, आणि भांडं आत फिरतं का ते रिकामं असतानाच बघून घ्या. नुसत्या मायक्रोवेव्ह मोडवर फेटा गरम होईल, भाजला जाणार नाही.

आता कृती

१. टोमॅटो धुऊन कोरडे पुसा. पुसणं महत्त्वाचं आहे. ओले टोमॅटो आधी स्वतःला वाळवण्यात दहा मिनिटं घालवतात.

२. भांड्यात टोमॅटो, लसणाच्या अख्ख्या पाकळ्या आणि तीन मोठे चमचे तेल घाला. दोन चिमटी मीठ, मिरचीचा भरडा, निम्मा ओरेगॅनो. हातानेच घोळवा, सगळ्या टोमॅटोंना तेल लागलं पाहिजे. लसूण चिरू नका, बारीक तुकडे जळून कडू होतात. अख्खी पाकळी आतून लोण्यासारखी मऊ होते.

३. मधोमध जागा करून फेटा ठेवा. पाण्यातला असेल तर आधी निथळून, किचन पेपरने टिपून घ्या. फार खारट वाटला तर पाच मिनिटं साध्या पाण्यात ठेवून मग टिपा. वरून उरलेलं तेल, उरलेला ओरेगॅनो, मिरपूड.

४. भांडं ओव्हनमध्ये. टायमर ३५ मिनिटांवर.

५. पंधरा मिनिटं झाली की पास्त्याचं पाणी गॅसवर चढवा. घाई नको. पास्ता आधी तयार होऊन टोमॅटोची वाट बघत बसला तर तो चिकटतो. उलट भाजलेला फेटा मात्र बंद ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं आरामात थांबतो. पाणी खळखळ उकळलं की मीठ, मग पास्ता. पहिलं मिनिटभर ढवळत राहा, नंतर अधूनमधून.

६. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक पास्ता काढून चावून बघा. मध्यभागी जरासा चिवटपणा राहिला पाहिजे, पण पांढरा कच्चा ठिपका दिसायला नको. गाळायच्या आधी एक मोठा कप पाणी बाजूला काढा. गाळायच्या चाळणीतच कप ठेवून द्या, म्हणजे हा भाग विसरणं शक्य नाही. गाळलेला पास्ता थंड पाण्याखाली धरू नका. वरचा पिठूळ थर धुऊन गेला की सॉस त्याला धरत नाही.

७. इकडे टोमॅटो बघा. बहुतेकांच्या साली फुटून सुरकुतल्या असाव्यात, कडेने रस बुडबुडत असावा. तसं नसेल तर आणखी पाच-दहा मिनिटं द्या, घड्याळ बघू नका, टोमॅटो बघा. फेट्यावर सोनेरी ठिपके आले नसतील तर शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कॉइल चालू ठेवा, पण जवळ उभे राहून.

आता सगळ्यात मजेचं काम. भांडं पाटावर काढा. लसणाच्या पाकळ्या काट्याने ठेचून त्यांचा लगदा करा. टोमॅटो चमच्याच्या पाठीने दाबा, पण भांड्याच्या कडेने आत असे, कारण न फुटलेल्या टोमॅटोच्या आत उकळता रस असतो आणि तो पिचकारीसारखा उडतो. मग फेटा मधून मोडा. वरचा पापुद्रा जरा कडक असेल, आतला भाग थरथरता, ओलसर. चमचा गोल फिरवत तो टोमॅटोच्या रसात मिसळत जा. आधी पांढऱ्या गाठी आणि लाल पाणी वेगवेगळं दिसेल आणि वाटेल की फाटलं. फाटलेलं नाही. आता पास्त्याचं पाणी दोन-तीन मोठे चमचे घाला आणि जोरात ढवळा. त्या पाण्यात पास्त्यातून सुटलेला स्टार्च असतो, तो तेल आणि पाणी एकमेकांत बांधून ठेवतो. अर्ध्या मिनिटात रंग बदलतो, लालचा फिकट केशरी होतो, आणि सॉस चमच्याला धरायला लागतो. थोड्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, त्या खाताना छान लागतात.

पास्ता गरम असतानाच यात ओता आणि खालून वर कालवा. घट्ट वाटलं तर आणखी पाणी. वाढताना सॉस पाहिजे त्यापेक्षा किंचित पातळच ठेवा. ताटात जाईपर्यंत पास्ता तो पिऊन टाकतो. बेसिलची पानं हाताने तोडून वरून. आता पहिल्यांदा चव घ्या, आणि मीठ लागणार असेल तर आत्ताच. बहुतेक वेळा लागत नाही.

काहीतरी चुकलं असेल तर

खारट झालं असेल तर अजून मूठभर पास्ता उकडून घालणं हा खरा उपाय, यावेळी बिनमिठाच्या पाण्यात. पाणी ओतून खारटपणा घालवायला गेलात तर चवही जाते. आंबट झालं असेल तर पाव चमचा साखर किंवा दोन चमचे साय. साय दिसायला कृतीबाहेरची वाटेल, पण फेट्याशी तिचं जमतं. कोरडं, गुठळीदार झालं असेल तर बाजूला काढलेलं पाणी आहेच. ते फेकून दिलं असेल तर साधं गरम पाणी आणि एक चमचा तेल, पण तो सॉस तितका गुळगुळीत येत नाही. टोमॅटोचं पाणी जास्त सुटून रस्सा झाला असेल तर पास्ता घालायच्या आधी भांडं पाच मिनिटं पुन्हा ओव्हनमध्ये ठेवा. काचेचं भांडं गॅसवर आटवायला ठेवू नका.

ओव्हन नाही, लसूण नाही, कोलंबी आहे

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या स्टीलच्या किंवा नॉनस्टिक कढईत करता येतं. लोखंडाची कढई नको, टोमॅटोच्या आंबटाने तिची चव उतरते. तेलात लसूण मंद आचेवर गुलाबी करा, टोमॅटो आणि चिमूटभर मीठ घाला, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं. साली फुटल्या की झाकण काढून पाणी थोडं आटवा, मध्ये फेटा ठेवा, पुन्हा झाकण, आच अगदी मंद, पाच मिनिटं. पुढचं सगळं तसंच. भाजल्याची खमंग कडा मिळत नाही, पण हे वीस मिनिटांत होतं आणि हॉस्टेलच्या इंडक्शनवरही जमतं.

चातुर्मासात किंवा एरवीही कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी लसणाऐवजी लाल सिमला मिरचीच्या जाड पट्ट्या टोमॅटोंबरोबर भाजाव्यात आणि शेवटी लिंबाची साल किसून घालावी. फक्त वरचा पिवळा भाग, पांढरा कडू असतो. हिंग घालायचा मोह होईल. टाळा. ऑलिव्ह तेलाबरोबर त्याचं भांडण होतं.

मासे खाणाऱ्यांसाठी ग्रीसमध्येच उत्तर आहे. तिथे टोमॅटोच्या रसात कोलंबी आणि वरून फेटा असा गारीदेस सागानाकी नावाचा पदार्थ किनाऱ्यावरच्या खानावळींत सर्रास मिळतो. त्या चालीवर सोललेली, धागा काढलेली, पुसलेली मध्यम कोलंबी पाव किलो घ्या, तेल आणि मिरपूड लावा आणि शेवटच्या आठ मिनिटांपुरती टोमॅटोंमध्ये खोचा. आधीपासून घातली तर ती रबर होते. मासे आणि दुधाचं एकत्र नको असं तुमच्या घरी मानत असतील तर हा परिच्छेद आजींना वाचून दाखवू नका.

बरोबर काय, आणि उरलं तर

सोबत काहीतरी थंड, करकरीत हवं. काकडी, कांदा, थोडी हिरवी सिमला मिरची, वर लिंबू आणि ऑलिव्ह तेल, बस. त्यात दाण्याचं कूट आणि फोडणी नको, आजच्या दिवस. पाव हवाच असेल तर लादी पाव मधून कापून तव्यावर तेलाच्या बोटावर कडक भाजा आणि भांड्याच्या कडेला चिकटलेला सॉस त्याने पुसून खा. हा भाग पाहुण्यांसमोर करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्याकडे पाहुणेच करतात.

उरलेला पास्ता बंद डब्यात फ्रिजमध्ये दोन दिवस ठीक राहतो, पण दुसऱ्या दिवशी तो कोरडा, घट्ट दिसतो. थेट मायक्रोवेव्हमध्ये ढकलू नका. पॅनमध्ये दोन-तीन चमचे पाणी किंवा दूध उकळायला ठेवा, त्यात पास्ता टाकून मंद आचेवर हलवा, सॉस परत सुटतो. सकाळच्या डब्यात द्यायचा असेल तर थोडा सैल करूनच भरा.

फेट्याचं पाकीट मोठं होतं आणि अर्धा तुकडा उरला, असं बऱ्याचदा होतं. तो नुसता प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला की कडा पिवळ्या पडतात. एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवा, घट्ट झाकणाच्या काचेच्या डब्यात तुकडा पूर्ण बुडेल असा ठेवा आणि काढताना कोरडा, स्वच्छ चमचाच घाला. असा तो आठवडाभर सहज टिकतो. तेवढ्यात त्याचं बुयुर्दी करून बघा: मातीची छोटी पणती नव्हे, दहीहंडीचं मडकंही नव्हे, ओव्हनला चालणारा चिनी मातीचा वाडगा. तळाशी टोमॅटोच्या चकत्या, वर फेटा, दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, भरडा, तेल. २०० अंशावर वीस मिनिटं आणि गरम पाव.